टू-स्ट्रोक ५०० सीसीचे दिवस: खरंच मजा गेली, का आपलंच वय झालं?

धुरकट_कराडकर

साधा प्रश्न आहे, भांडण लावायला विचारत नाहीये. आताचं मोटोजीपी (मोटारसायकल रेसिंगचा सगळ्यात वरचा वर्ल्ड चॅम्पियनशिप क्लास, आधी ५०० सीसी होता तोच) मी चुकवत नाही, क्वालिफायिंगसुद्धा बघतो, पण सोमवारी कोणी विचारलं की काल काय झालं तर विजेत्याचं नाव सोडून काही सांगता येत नाही. आणि ९१ ची जर्मनीतल्या हॉकेनहाइमची ५०० ची रेस मात्र अख्खी पाठ आहे. ती पण लाइव्ह बघितली नव्हती हां, नंतर कोणाकडून तरी आणलेल्या, घासून घासून पांढऱ्या रेघा आलेल्या कॅसेटवर. शेवटचा लॅप, वेन रेनी पुढे, केव्हिन श्वांट्झ त्याच्या मागे चिकटलेला, स्टेडियममध्ये शिरायच्या आधीचं ब्रेकिंग, आणि श्वांट्झने ब्रेक मारायला इतका उशीर केला की सुझुकीचं मागचं टोक इकडून तिकडे झुलायला लागलं, वाटलं गेला आता हा, पण गाडी वळली आणि रेस त्याने मारली. नुसतं लिहितानाही अंगावर काटा आला राव.

पण मग प्रामाणिकपणे आठवायला बसलो तर आमच्याकडे केबल आली तोपर्यंत होंडाच्या मिक डूहानचं राज्य सुरू झालेलं. ९४ ते ९८ सलग पाच टायटलं. ९७ ला तर १५ पैकी १२ रेस एकट्याने जिंकल्या. म्हणजे कोण जिंकणार हे आधीच माहीत असायचं आणि तरी आम्ही टीव्हीसमोरून हलायचो नाही. आता एकेका सेकंदात दहा-बारा गाड्या असतात आणि मी मधेच उठून चहा टाकून येतो, हे काय लॉजिक आहे?

२००१ ला रॉसीने ५०० चं शेवटचं टायटल घेतलं, २००२ ला ९९० सीसीच्या फोर-स्ट्रोक आल्या आणि वर्ष-दोन वर्षात टू-स्ट्रोक त्या क्लासमधून गायबच झाल्या. तुम्हाला काय वाटतं, नेमकं काय गेलं त्या गाड्यांबरोबर? "तेव्हा सगळंच भारी होतं" असं उत्तर नको, ते माझ्याकडे पण आहे :)

---

पोर्टघाशा_सांगली

भाऊ नेमकं सांगायचं तर पॉवरबँड गेला, म्हणजे ज्या आरपीएममध्ये पॉवर येते तो पट्टा. बाकी सगळं त्याच्या मागून गेलं.

५०० ची गाडी म्हणजे १३० किलो वजन आणि शेवटी शेवटी १८०-१९० हॉर्सपॉवर, आणि ती सगळी पॉवर वरच्या थोड्याशा आरपीएममध्ये कोंबलेली. खाली काही नाही आणि मग एकदम सगळं. वळणातून बाहेर येताना गाडी अजून आडवी आहे, तुम्ही रेस (थ्रॉटल) पिळताय, अजून पिळताय, काही होत नाही आणि मग फाटकन येते. मागचा टायर सुटला आणि घाबरून तुम्ही रेस सोडली की टायर पुन्हा पकड घेतो आणि गाडी तुम्हाला वर भिरकावते, तो हायसाइड. ट्रॅक्शन कंट्रोल वगैरे काही नाही, जे काय कंट्रोल होतं ते मनगटात. ९२ ला होंडाने त्यांच्या ५०० च्या एनएसआर गाडीमध्ये चारही सिलेंडर जवळजवळ एकत्र फायर होतील असा बिग बँग क्रँक लावला तो ह्याचसाठी, की मागच्या टायरला मधे थोडी उसंत मिळेल. आणि डूहान असला पठ्ठ्या की ९७ ला त्याने परत जुना, जास्त अंगावर येणारा स्क्रीमर क्रँक मागून घेतला.

दुसरं म्हणजे गाडी जाम व्हायची भीती. जेटिंग (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं माप) जरा लीन म्हणजे कमी झालं, हवा बदलली, की फुल स्पीडला पिस्टन चिकटणार आणि मागचं चाक लॉक. म्हणून त्या काळचे रायडर डाव्या हाताची बोटं कायम क्लचवर ठेवायचे. जुने फोटो बघा, सरळ रस्त्यावरसुद्धा बोटं क्लचवर.

आता माझा मुद्दा. हे सगळं आपल्याला कळत का होतं? कारण तीच गाडी लहान होऊन आपल्या गल्लीत उभी होती. आरएक्स १०० म्हणजे ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, पण तिचं व्याकरण तेच. आमचे वस्ताद सिलेंडर लेथवाल्याकडे पाठवायच्या आधी एक्झॉस्ट पोर्टला कागद लावून छाप घ्यायचे, पेन्सिलीने खूण करायचे आणि मग तेवढंच हाताने घासायचे, केसभर जास्त घासलं तर खालचा पिकअप मेला. मग प्लग काढून त्याचा रंग बघायचा, चॉकलेटी आला तर ठीक, पांढरा आला तर गाडी जाम होणार म्हणून मोठा जेट टाकायचा. ग्रांप्रीच्या पिटमध्ये पण मेकॅनिक प्लगच बघत होते ना. आज माझ्या गॅरेजला येणारं पोरगं मोटोजीपी बघतं, पण तिथली गाडी लॅपटॉपवर चालते आणि त्याची स्वतःची गाडी स्कॅनर लावल्याशिवाय बोलत नाही, दोन्हीकडे हात घालायला जागा नाही. मग ते लॅप टाइम बघणार, दुसरं काय बघणार.

अवांतर: टू-स्ट्रोकचं हे सगळं ज्ञान आलं कुठून माहितीये का, पूर्व जर्मनीतून. एमझेड ह्या तिथल्या मोटारसायकल कंपनीचा वॉल्टर काडेन. एक्झॉस्टचा पाइप नुसता धूर बाहेर टाकायला नसतो, त्याचं पोट नीट मापात फुगवलं तर आवाजाची लाट परत फिरते आणि बाहेर निसटणारं ताजं पेट्रोल पुन्हा सिलेंडरमध्ये ढकलते, हे त्याने घोटून घोटून बसवलं. १९६१ ला १२५ सीसीतून २५ हॉर्सपॉवर! आणि त्याच वर्षी स्वीडनच्या रेसला त्याचा रायडर अर्न्स्ट डेगनर पळून गेला, थेट सुझुकीकडे, डोक्यात सगळी विद्या घेऊन. पुढच्या वर्षी सुझुकीवर ५० सीसीचा वर्ल्ड चॅम्पियन. काडेन बिचारा तिथेच राहिला. सांगलीत जो कोणी सायलेन्सर कापून पोट वाढवून घेतो त्याने एकदा त्या माणसाला नमस्कार करावा.

---

हाडांचा_डॉक्टर

वाचायला मजा आली, पोर्टघाशा भाऊंचा प्रतिसाद तर सेव्ह करून ठेवलाय. पण मी ह्या आठवणींना थोडं पाणी घालणार, माझा धंदाच तसा आहे.

डूहानचा पाय आठवा. १९९२, हॉलंडचं आसेन, क्वालिफायिंगला पडला. त्या वेळी तो पॉइंटांमध्ये इतका पुढे होता की टायटल घरात आल्यासारखंच होतं. फ्रॅक्चर फार भयंकर नव्हतं, ऑपरेशननंतर पायाचा रक्तपुरवठा बिघडला आणि पाय कापायची वेळ आली. रेसवाल्यांचे डॉक्टर डॉ. क्लॉडिओ कोस्टांनी त्याला तिथून उचलून इटलीला नेला आणि दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले, चांगल्या पायाचं रक्त खराब पायाला मिळावं म्हणून. हे वाचून तुम्ही "काय माणूस होता" म्हणता, मी म्हणतो की तो त्याच सीझनला परत गाडीवर बसला आणि टायटल रेनीला फक्त ४ पॉइंटांनी हरला, हे कोणी बसू कसं दिलं? उजवा घोटा कायमचा निकामी, म्हणून मागचा ब्रेक डाव्या अंगठ्याने मारायची सोय करून घेतली. पुढची पाचही टायटलं त्या अंगठ्यावर.

आणि रेनी. ९३ चं इटलीतलं मिसानो, टायटलमध्ये पुढे, रेसमध्ये पुढे, पडला आणि छातीखाली कायमचा लुळा. तीन वेळचा चॅम्पियन, एका वळणात संपलं. त्याच्या मागे जाल तर १९७३ चं मोंझा, पहिल्याच लॅपला सारिनेन आणि पासोलिनी हे दोन रायडर जागीच गेले, ट्रॅकला लागून लोखंडी रेलिंग होतं. ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन बेटावरची रेस १९७६ पर्यंत वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये होती, ६० किलोमीटरचा गावातला रस्ता, दगडी भिंती, दिव्याचे खांब. ७२ ला मित्र पारलोट्टी तिथे मेला तेव्हा चॅम्पियन अगोस्तिनी म्हणाला मी परत येणार नाही, आणि नाही गेला. तुमच्या त्या सोनेरी काळातला सगळ्यात मोठा चॅम्पियनच नको म्हणत होता!

२०१८ पासून मोटोजीपीत एअरबॅगचा सूट सक्तीचा आहे. पोरं ताशी २०० ने पडतात, उठतात, धूळ झटकतात आणि दुसऱ्या गाडीकडे पळतात. कराडकर, तुम्ही चहा टाकायला उठता ना, ते बहुतेक ह्याचमुळे. तेव्हा नजर हलत नव्हती कारण आपण घाबरलेलो असायचो. ती भीती मला परत नकोय.

---

निवृत्त_फोरमन

डॉक्टरसाहेब बोलले ते सोळा आणे खरं. तरी आपल्याकडचं कोणीच बोलत नाही म्हणून लिहितो. चुका असतील टायपिंगच्या, मोबाईलवर लिहितोय.

आमच्या तरुणपणी ग्रांप्री वगैरे टीव्हीवर नव्हतंच. आमच्यासाठी रेस म्हणजे शोलावरम. मद्रासच्या बाहेर, दुसऱ्या महायुद्धातली विमानाची धावपट्टी. महाराष्ट्रात असलं काही नाही म्हणून पुण्याहून रात्रभर गाडीत बसून आम्ही कंपनीतली पोरं तिकडं जायचो, सीक लिव्ह टाकून. धावपट्टी ती, झाड नाही सावली नाही, डोक्याला ओला टॉवेल बांधून उभं राहायचं. गर्दी म्हणाल तर जत्रा. बुलेट, जावा, येझदी, सगळं एकाच दिवशी बघायला मिळायचं आणि मधे मधे मोटारींच्या रेसा. आत जाऊन गाडीशेजारी उभं राहिलं तर कोणी हटकत नव्हतं. एरंडेलाचा जळका वास यायचा, रेसवाले एरंडेलावर बनलेलं ऑईल घालायचे, तो वास कपड्यातून पुण्यापर्यंत यायचा आणि घरी विचारायचे कुठं तळण काढत होतास.

मग ८३ ला राजदूत ३५० आली. यामाहाची आरडी ती, एस्कॉर्ट्सने इथं बनवली. ट्विन सिलेंडर, हाय टॉर्कवाली तीस हॉर्सपॉवरच्या आसपास. तोवर आम्ही येझदीलाच जोरदार समजत होतो. आमच्यातल्या एकाने घेतली, लोक नावं ठेवायचे की पेट्रोल पिते, ब्रेक लागत नाहीत, आणि दोन्ही खरं होतं. तुमच्या त्या ग्रांप्रीतल्या यामाहाशी आमचा संबंध आला तो एवढाच, टाकीवर तेच नाव नव्हतं पण आवाज त्याच घराण्यातला. ७-८ वर्षांत ती बंद पण झाली, आणि आता तीच लोकं तिच्या मागं लाखो रुपये घेऊन फिरतात.

नव्वदला श्रीपेरंबदूरजवळ नीट ट्रॅक झाला आणि रेसिंग तिकडं गेलं. चांगलंच झालं, सुरक्षित झालं. मी मात्र परत गेलो नाही, संसार लागला मागं.

---

धुरकट_कराडकर

काका, जरा सवडीने शोलावरमवर वेगळा धागाच काढा, हात जोडून विनंती.

डॉक्टर, भीतीचा मुद्दा मान्य, पण पूर्ण नाही. मग आयल ऑफ मॅन अजून चालूच आहे, तिथे अजून माणसं मरतात, ते बघताना मला फक्त पोटात गोळा येतो, मजा नाही येत. पोर्टघाशांचं जास्त पटतंय, की काय चाललंय ते डोळ्यांना दिसत होतं. रायडर रेस पिळतोय आणि मागचं चाक सुटतंय, इथे काही लपलेलं नव्हतं. आता गाडी सुटते आणि ती कॉम्प्युटर आधीच पकडतो. ताशी ३६६ किलोमीटरने जाते आणि स्क्रीनवर आकडा लिहिला नाही तर कळत पण नाही.

---

पिंपरी_पॅडॉक

मी २००१ ला जन्मलोय त्यामुळे इथे बोलायचा अधिकार नाही बहुतेक :D पण दोन गोष्टी.

एक, २०२७ पासून नियम बदलतायत, इंजिन ८५० सीसी, गाडी खाली दाबणारे राइड हाइट डिव्हाइस बंद, पंख पण छोटे. म्हणजे तुमचीच तक्रार तिथवर पोचलीये की ओव्हरटेक दिसत नाहीत.

दोन, तुम्हा लोकांच्या नॉस्टॅल्जियात आपल्या मुंबईच्या महिंद्राचं नाव कोणी घेत नाही ह्याचा मला राग येतो. आधी १२५ आणि मग मोटो३ ह्या लहान गाड्यांच्या क्लासात, २०१७ पर्यंत होते. २०१६ ला आसेनला पावसाने दोन भागात झालेल्या त्या वीकेंडला पेक्को बान्याइयाने आयुष्यातली पहिली ग्रांप्री जिंकली ती महिंद्रावर, आणि महिंद्राची पण ती पहिलीच. तोच पुढे २०२२ आणि २३ चा मोटोजीपी चॅम्पियन. मी शाळेत होतो, घरात एकटाच ओरडत होतो. तुमचं हॉकेनहाइम तसं माझं ते. २०२३ ला दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटला मोटोजीपी आलं तेव्हा मी गेलो होतो, उकाड्याने जीव गेला, पण गाड्या समोरून गेल्या तेव्हा आवाज छातीत घुसतो हो, टीव्हीवरचं सोडा.

---

पोर्टघाशा_सांगली

पॅडॉक भाऊ, पॉइंट आहे. महिंद्राचं खरंच विसरतो आम्ही. फक्त एक करा, पावसाचं वगैरे राहू द्या, मोटोजीपीची रेस होती ती दोन भागात झालेली, मोटो३ ची नाही.

आणि १९८३ चा सीझन बघून घ्या मग बोलू. केनी रॉबर्ट्स यामाहावर, शेवटचं वर्ष. समोर २१ वर्षांचा फ्रेडी स्पेन्सर, होंडाच्या तीन सिलेंडरवाल्या एनएस ५०० वर. १२ रेस, ६ ह्याच्या ६ त्याच्या, टायटल २ पॉइंटांनी स्पेन्सरकडे. तेव्हा स्टार्टला इंजिन बंद असायचं, इशारा झाला की गाडी ढकलत पळायचं, एका अंगाने सीटवर आदळायचं, क्लच सोडायचा, पेटली तर पाय पलीकडे टाकायचा, नाही पेटली तर मागून अख्खी फौज अंगावर. ८७ ला ते बंद केलं, ह्या बाबतीत मी डॉक्टरांच्या बाजूने.

स्वीडनच्या रेसपासून सुरुवात करा, अँडरस्टॉर्प, शेवटच्या लॅपला स्पेन्सर आत घुसतो, दोघंही ट्रॅकच्या बाहेर जातात आणि स्पेन्सर आधी परत येऊन जिंकतो. रॉबर्ट्स जाम भडकला होता. ती हालचाल बरोबर होती का चूक ह्यावरून आमच्या गॅरेजमध्ये अजून दोन पार्ट्या आहेत. मी स्पेन्सरवाला, वस्ताद रॉबर्ट्सवाले.

---

हाडांचा_डॉक्टर

वस्तादांना सांगा, मी त्यांच्या पार्टीत. आत जागाच नव्हती.