हाय-लँडरला फॉर्च्युनरची १७ इंची चाकं: नट जुनेच चालतील का?

चिरेवाली_गाडी

नमस्कार मंडळी. गाडी इसुझू डी-मॅक्स हाय-लँडर, टू व्हील ड्राइव्ह. मूळ चाकं १६ इंची लोखंडी, टायर २४५/७० आर १६. म्हापशात टोयोटा फॉर्च्युनरची १७ इंची कंपनी अलॉय मिळतायत, चार नग, २६५/६५ आर १७ टायरसकट. दोन्हीकडे सहा भोकं, पीसीडी (नटांच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) १३९.७ मि.मी., एवढं मला माहीत आहे. विकणारा म्हणतो, "सरळ बसतात, तुमचेच नट लावा."

गाडीत बहुतेक दिवस चिरे असतात, आणि आठवड्यातून दोनदा अनमोड घाटातून बेळगावची भाजी. नट तेच चालतील का? वजन झेपेल का? पुढे घासेल का?

हब_आणि_नट

जुने नट लावू नका, दादा. बाकी सगळं जमवता येईल, पण इथे चूक झाली तर चाक निखळतं.

गंमत अशी की आटे जुळतात. दोन्ही गाड्यांचे स्टड (हबमधून, म्हणजे चाक बसतं त्या फिरत्या तबकडीतून, बाहेर आलेले आट्यांचे दांडे) १२ मि.मी., आट्याचं अंतर १.५. त्यामुळे इसुझूचा नट हाताने सुरळीत फिरतो, पाना लावला की घट्टही होतो, आणि काम झालं असं वाटतं. फरक नटाच्या बुडाशी आहे. तुमच्या लोखंडी चाकाचा नट निमुळता, ६० अंशांचा. टोयोटाच्या कंपनी अलॉयला बहुतेक करून सपाट वॉशर आणि त्याखाली सरळ दांडी असलेला नट लागतो. चाक हातात आलं की नट बसायची जागा नीट पाहा. भोकाच्या तोंडाशी वाटीसारखा उतार असेल तर निमुळता नट. सपाट, गोल चकतीएवढी घासलेली जागा असेल तर वॉशरचा नट.

सपाट जागेत निमुळता नट आवळला तर तो भोकाच्या कडेवर एका बारीक रेघेवर टेकतो. ती कड मऊ अ‍ॅल्युमिनियमची. थोडी गाडी चालली की ती दबते आणि आवळलेला ताण उतरतो. नट जागेवर दिसतो, पण धरत नाही. मग चाक हबवर केसभर सरकायला लागतं, भोकं लांबट होतात, स्टड दर फेरीला वाकून शेवटी मुळाशी तुटतो. नटाभोवती काळी-करडी भुकटी किंवा गंजाचा ओघळ दिसला तर ती याचीच खूण समजा.

म्हणून चाकांसोबत टोयोटाचेच २४ नट मागून घ्या. ते लावताना दोन गोष्टी पाहा:

१. दांडी चाकाच्या भोकात हलकेच शिरली पाहिजे, पण हबला टेकता कामा नये. टेकली तर नट हबवर आवळला जातो आणि चाक सैल राहतं.

२. नट हातानेच निदान आठ पूर्ण फेरे जायला हवा. आठ फेरे म्हणजे १२ मि.मी. पकड, स्टडच्या जाडीइतकी. त्याहून कमी फेरे बसत असतील तर लांब स्टड घाला किंवा सौदा सोडा.

आता मधलं भोक. फॉर्च्युनरच्या चाकाचं १०६.१ मि.मी., डी-मॅक्सच्या हबचं १००.१. सगळीकडून तीन-तीन मि.मी. मोकळं. वॉशरच्या नटाची दांडी चाक बऱ्यापैकी मध्यावर आणते, तरी १०६.१ ते १००.१ चे हब रिंग (हब आणि चाकाच्या भोकातली मोकळी जागा भरणारी कडी) घाला, नाहीतर ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंग करून करून कंटाळाल. रिंग मागवण्याआधी हब आणि चाक दोन्ही व्हर्नियरने मोजा. पण लक्षात असू द्या, रिंग चाक फक्त मध्यावर आणते, वजन पेलत नाही. वजन पेलतं ते आवळलेल्या नटांमुळे हब आणि चाक यांच्यात होणारं घर्षण.

घाटवाट_मोले

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत. मी मापांचं लिहितो.

२४५/७० आर १६ ची उंची ७४९ मि.मी. आणि २६५/६५ आर १७ ची ७७६. म्हणजे चाक ३.६ टक्के मोठं. काटा १०० दाखवेल तेव्हा गाडी साधारण १०३.५ ने जात असेल (काटा मुळातच थोडा जास्त दाखवतो, ते वेगळं). गाडी १३ मि.मी. उचलेल. पण गिअरही त्याच प्रमाणात जड होतील. रिकाम्या गाडीला ते कळत नाही. चिरे भरून अनमोड चढताना कळतं: जिथे तिसरा पुरत होता तिथे दुसरा टाकावा लागेल. उतरताना इंजिनाचा ब्रेकही तेवढाच कमी लागतो, म्हणजे डिस्क जास्त तापणार.

घासण्याबद्दल: अलॉयच्या मागे ईटी (चाकाची हबवर टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मि.मी. बाहेरच्या अंगाला आहे ते) लिहून आकडा कोरलेला असतो, तो वाचा. समजा तुमचं जुनं चाक ७ इंच रुंद, ईटी ३३, आणि नवं ७.५ इंच, ईटी ३०. तर रिमची बाहेरची कड ९ मि.मी. बाहेर येते, आतली ३ मि.मी. आत जाते. टायरचं पोट धरलं तर बाहेर १३, आत ७. पुढच्या लाइनरची (चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकच्या अस्तराची) मागची कड आणि मडफ्लॅप या दोन जागी अंतर कमी पडतं. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवून "घासत नाही" म्हणू नका. पुढचं एक चाक दगडावर किंवा रॅम्पवर चढवून स्प्रिंग दाबा आणि मग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. लाइनरवर खडूची रेघ मारून ठेवली तर पुसलेली जागा लगेच दिसते.

वजन: टायरच्या कडेवर मापाशेजारी ११२ लिहिलेलं असेल तर एका टायरची क्षमता ११२० किलो. पण ती टायरमध्ये पूर्ण हवा भरलेली असतानाची. दारावरच्या पट्टीवर जी मागच्या चाकांची भरलेल्या गाडीची हवा लिहिलीय ती जुन्या टायरसाठी आहे, तरी त्याखाली जाऊ नका. रिमच्या मागेही कधी कधी किलोमध्ये आकडा ओतलेला असतो. मागच्या अ‍ॅक्सलचं कमाल वजन भागिले दोन, त्याहून तो जास्तच हवा.

माझं मत विचाराल तर डी-मॅक्सच्याच व्ही-क्रॉस मॉडेलची १८ इंची कंपनी चाकं शोधा, २५५/६० आर १८. उंची ७६३, फरक जेमतेम १.८ टक्के, हबला चपखल, रिंगची भानगड नाही. भाव थोडा जास्त पडेल.

मांडवीकाठ

इतर सहा भोकांची चाकं कुणी दाखवली तर: फोर्ड एन्डेव्हरचं मधलं भोक ९३.१, ते या हबवर चढतच नाही. पजेरो स्पोर्टचं तर ६७.१. लेथवाल्याकडे मधलं भोक वाढवून घ्यायचा सल्ला मिळेल. मालवाहू गाडीला तो घेऊ नका. इनोव्हा क्रिस्टा पाच भोकांची, ११४.३. पाच भोकांत समोरासमोर भोक नसतं, म्हणून शेजारच्या दोन भोकांचं मध्य ते मध्य अंतर मोजून १.७०१ ने गुणा, पीसीडी निघते.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल रोखतं, आणि १८२ए खाली दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. टायर बॉडीबाहेर डोकावला तर पोलिसाच्या नजरेत आधी तोच भरतो. विमा कंपनीला लेखी कळवा.

चिरेवाली_गाडी

सगळ्यांचे आभार. चाक उलटं करून पाहिलं. नटाची जागा सपाट आहे, आणि विकणाऱ्याकडे टोयोटाचे नट १९ च आहेत. दोन शंका उरल्या. रिंग प्लास्टिकचे घ्यावेत की अ‍ॅल्युमिनियमचे? आणि स्टेपनी जुनीच १६ इंची राहिली तर?

हब_आणि_नट

उरलेले पाच नट त्याच मापाचे आणि त्याच दांडीचे आणा. एका चाकावर दोन जातीचे नट नकोत.

रिंग अ‍ॅल्युमिनियमचे. भरल्या गाडीने घाट उतरताना हब इतका तापतो की साधं प्लास्टिक मऊ पडतं. त्रास असा की आपल्या किनारी हवेत अ‍ॅल्युमिनियम लोखंडी हबला धरून बसतं, आणि मालीम जेटीवरून मासळी-बर्फाचं खारं पाणी गळणाऱ्या गाड्यांत तर चाक लाथेनेही सुटत नाही. म्हणून बसवण्याआधी हबचा तोंडाचा भाग वायरब्रशने चकचकीत करा, रिंगच्या आत-बाहेर अँटी-सीझचा (धातू एकमेकांना धरून बसू नयेत म्हणून लावायच्या लेपाचा) अगदी पातळ हात फिरवा. स्टडच्या आट्यांना मात्र काही लावू नका. तेलकट आट्यावर तोच टॉर्क स्टडला कितीतरी जास्त ओढतो.

चाक हवेत असताना सहाही नट हाताने, मग समोरासमोरच्या क्रमाने पान्याने. गाडी खाली टेकवून टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) गाडीच्या पुस्तकातला आकडा. १२ मि.मी. स्टडला तो १०० ते १२० न्यूटन मीटरच्या आसपास असतो. पंक्चरवाल्याची इम्पॅक्ट गन शेवटच्या आवळणीला वापरू देऊ नका. ५० ते १०० किलोमीटरनंतर चाक थंड असताना पुन्हा तपासा, आणि चिऱ्यांच्या पहिल्या खेपेनंतर आणखी एकदा.

स्टेपनी १६ इंची ठेवली तर तिचे सहा निमुळते नटही गाडीतच ठेवा, कारण ते लोखंडी चाक वॉशरच्या नटाने धरणार नाही. ती मागे लावू नका. ७४९ आणि ७७६ एकाच अ‍ॅक्सलवर असले की डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा गोळा) सरळ रस्त्यावरही सतत फिरत राहतं. मागचं पंक्चर झालं तर पुढचं मोठं चाक मागे न्या, स्टेपनी पुढे लावा, आणि जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत हळू जा. एबीएसचा दिवा लागला तर घाबरू नका, चाकांचा वेग वेगळा दिसतो म्हणून तो लागतो. पण तोवर एबीएस काम करणार नाही, एवढं धरून चालवा. घाटाच्या दिवशी पाचवं १७ इंची चाक सोबत असलेलं बरं. चार नगांऐवजी पाचच मागा.