केस वाढवले, साडी नेसायचीय, पण माझ्या ग्रुपचं काय करू?

खोखोवाली:
मी साताऱ्याची, अकरावी सायन्सला आहे. पाचवीपासून खो-खो खेळते, कायम बॉयकट, भावाचे जुने टीशर्ट, आणि आमच्या आळीतल्या पोरांच्यात मी एकटी मुलगी. आता झालंय असं की दहावीच्या सुट्टीपासून केस कापलेच नाहीत, काजळ लावायला आवडायला लागलंय आणि कॉलेजच्या ट्रॅडिशनल डेला आजीची इरकल नेसायची जाम इच्छा आहे. परवा काजळ लावून कट्ट्यावर गेले तर एकजण म्हणाला, "कोणासाठी एवढं?" बाकीचे हसले. तेव्हापासून मी आले की मध्येच गप्प होतात, रविवारी क्रिकेटला पण मला न सांगताच गेले. आणि वर्गातल्या मुली म्हणतात "फायनली सुधारलीस"!! अरे बिघडले कधी होते? आई तर इतकी खूश झालीय की मलाच कसंतरी वाटतं, म्हणजे इतकी वर्षं मी हिला पसंत नव्हते की काय. मला खो-खो सोडायचा नाहीये, पोरं पण सोडायची नाहीयेत. कान पण टोचायचेत. कोणाचं असं झालंय का?

माजी_खेळाडू:
आधी कानाचं बोलते, ते महत्त्वाचं आहे. आत्ता सीझनमध्ये अजिबात टोचू नको. नवीन टोचलं की निदान दीड महिना तरी कानातलं काढायचं नसतं, काढलंस तर भोक बुजतं, आणि कानातलं घालून खेळताना अडकलं तर कानाची पाळी फाटते. नाकाला तर अजून कितीतरी महिने लागतात. शालेय स्पर्धा सगळ्या आटपल्या की सोनाराकडे जा, तोवर दाबाची नथ आणि दाबाचे कानातले घाल की. केसांची घट्ट वेणी घाल, रबरबँड लाव, पिना नको, सूर मारताना डोक्यात घुसतात (अनुभव आहे). आणि केस वाढवले की खेळ संपला असं कोणी म्हणालं तर जानेवारी २०२५ च्या पहिल्या खो-खो वर्ल्ड कपची फायनल दाखव, दिल्लीत आपल्या पोरींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, कॅप्टन आपली महाराष्ट्राचीच प्रियांका इंगळे.

कट्टेकरी:
मुलगा म्हणून सांगतो, पोरं बावचळलीत. त्या वयात आम्हाला पण घरून सांगायचे "आता ती मोठी झालीय, जरा जपून", मग नेमकं काय जपायचं ते कळायचं नाही म्हणून सरळ लांबच राहायचो, बावळटपणा नुसता. शिवाय दहावीनंतर एक आयटीआयला, एक डिप्लोमाला, एकाची गर्लफ्रेंड, ग्रुप तसाही विस्कटतोच, त्याचं खापर काजळावर फोडू नको. सगळ्यांना एकदम पकडून जाब विचारलास तर पुन्हा हसण्यावारीच नेतील, त्यातला जो सगळ्यात जवळचा आहे त्याला एकट्याला गाठ आणि विचार, रविवारी मला का नाही सांगितलं. आणि तो "कोणासाठी"वाला परत बोलला तर म्हणायचं, डोळे माझे आहेत, तुला कशाला खुपतात?

सुगरण_नाही:
आईवर रुसू नकोस बाळा. माझी लेक पण अशीच होती आणि तिने पहिल्यांदा बांगड्या मागितल्या तेव्हा मी पण वेड्यासारखी तुळशीबागेत पळाले होते, तिला आवडलं नाही ते. आईला सरळ सांग की आत्ताची मी आवडतेय तशी ती शर्टपँटवाली पण आवडायची ना, एकदा म्हण तसं. बहुतेक रडेल, रडू दे.
साडीचं म्हणशील तर आजीची इरकल नऊवारी असेल तर तशीच नेस, कासोटा घालून. परकर लागत नाही, आत शॉर्ट्स घाल. आमच्या आज्या त्याच लुगड्यात दिवसभर भांगलायच्या, बांध ओलांडायच्या, तू तर जिना चढणार फक्त. पण आधी दोनतीन संध्याकाळी घरात नेसून फिर, नाहीतर ऐनवेळी निऱ्या हातात.

स्पष्टवक्ता:
म्हणजे शेवटी मुलगी ती मुलगीच. आधीचं सगळं नाटक होतं म्हणायचं.

खोखोवाली:
@स्पष्टवक्ता काका, कधीही ग्राउंडवर या, मी साडीत पळते तुम्ही ट्रॅकपँटमध्ये पकडा.
बाकी सगळ्यांना खूप थँक्स. कान सीझननंतरच. कट्ट्यावरच्या एकाला मेसेज केला, तो म्हणे "तुला आता क्रिकेट आवडत नसेल असं वाटलं." गाढव!! रविवारी जातेय, काजळ लावूनच, पण तो "कोणासाठी"वाला अजून तोंड फिरवूनच आहे, राहू दे. इरकल नऊवारीच निघाली. फक्त ब्लाउजचा घोळ आहे, आजीचा मला दंडात आणि खांद्यात होतच नाही.

सुगरण_नाही:
आजीचा उसवत बसू नको, जुनं कापड विरलेलं असतं. खणाचं कापड घेऊन नवीन शीव, आणि टेलरला माप देताना दोन्ही हात वर करून दाखव, नाहीतर तो बाह्या घट्ट शिवेल. आणि आतून माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, ठेवायला सांग.