विषय: रजिस्ट्रेशनची रांग, आणि तीन वर्षांत डिग्री घेणारी पोरं

मंडळी नमस्कार,
कॉलेजात कोर्स निवडायची वेळ आधी कोणाला मिळावी, हा विषय दिवाळीच्या जेवणात निघाला आणि जिलबी आल्यावर राहून गेला. परवा लेकीचं स्प्रिंगच्या टर्मचं रजिस्ट्रेशन होतं, मी व्हिडिओ कॉलवर. हव्या त्या कोर्सेसचं ऑनलाइन कार्ट आदल्या रात्रीच भरून ठेवलेलं, पण तिची वेळ गुरुवारी दुपारी १:२०, आणि तोवर ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या लॅबचे सगळे सेक्शन फुल्ल, वेटलिस्टला नंबर १४. तिची रूममेट, तेच वर्ष, तेच मेजर (मुख्य विषय), ती मंगळवारीच मोकळी झाली. का, तर ती हायस्कूलमधूनच एपीची (शाळेतच करायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स) ४० युनिट्स, म्हणजे क्रेडिट्स, घेऊन आली, म्हणून कागदावर ती ज्युनियर (थर्ड इयर) आणि आमची सोफोमोर (सेकंड इयर), आणि वेळ देतात ती युनिट्स मोजून. आम्ही तेव्हा छोट्या गावात होतो, तिथल्या शाळेत एपी मोजून चार, आणि एका पेपरची फी जवळजवळ १०० डॉलर. म्हणजे रांगेतला नंबर अठराव्या वर्षीच ठरला की हो!
– फ्रीमाँटची वहिनी

---

वहिनी, राग समजतो, पण दुसरी बाजू ऐका. आमचा चिरंजीव तीन वर्षांत संपवतोय, हौस म्हणून नाही, आउट-ऑफ-स्टेट (दुसऱ्या राज्यातल्यांची, जास्तीची) फी भरतोय म्हणून. त्याचा एक कोर्स फक्त स्प्रिंगलाच असतो. तो हुकला तर पुढच्या स्प्रिंगपर्यंत थांबा, एका कोर्ससाठी वर्षभर भाडं भरा. पुण्याहून आलेल्या भाच्याचं तर आणखी अवघड, एफ-१ (स्टुडंट व्हिसा) वर आहे, शेवटचा कोर्स मिळाला नाही की आय-२० ची (व्हिसासाठीचा कॉलेजचा कागद) तारीख वाढवा, ओपीटीचा (डिग्रीनंतर काही काळ नोकरीची परवानगी) अर्ज पुढे ढकला, तोवर नोकरीवाले थांबतात थोडेच. जो दारापाशी पोचलाय त्याला आधी उतरू द्यायला नको? लोकलमध्ये आपण तेच करायचो ना.
– काका, सनीवेल

---

काका, वहिनी, मी मधे बोलतो, मी स्वतः आत्ता थर्ड इयरला आहे (मराठी टायपिंग चुकलं तर आईला सांगू नका).
तुम्ही दोघं वेगवेगळ्या पोरांबद्दल बोलताय. काकांचा मुलगा खरंच उतरणार आहे. पण एपीचा ढीग घेऊन आलेले माझ्या ओळखीतले बहुतेक जण लवकर जात बीत नाहीत, पूर्ण चार वर्षं राहतात, एखादा मायनर (जोडविषय) घेतात, आणि दर टर्मला रांगेत पुढे. त्यातली निम्मी युनिट्स मेजरला लागतपण नाहीत, नुसता आकडा फुगतो. दाराशी उभे आहेत पण शेवटच्या स्टेशनला उतरणारेत असं आहे ते. त्यात काही जण आपली लवकरची वेळ वापरून मागे वेळ असलेल्या मित्रांसाठी सीट अडवून ठेवतात आणि रात्री ठरवून ड्रॉप करतात, एस्टीच्या खिडकीतून रुमाल टाकतात तसं.
युनिट्सच मोजायची असं काही देवाने सांगितलेलं नाही. टेक्सासला ऑस्टिनमध्ये डिग्री किती टक्के पूर्ण झाली ते बघून वेळ देतात, म्हणजे कामाचीच युनिट्स धरतात. इथे कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांत तर उलटं, १०० च्या वर युनिट्स झाली की रांगेतली प्रायॉरिटीच जाते, कारण तिथे रेंगाळणारे नको असतात. मला विचाराल तर ग्रॅज्युएशनचा अर्ज भरलाय ना, मग त्या टर्मला सगळ्यात पुढे जा, तीन वर्षांत संपव नाहीतर पाच. अर्ज भरून घेतलेली पुढची वेळ आणि मग गेलाच नाहीस, तर पुढच्या टर्मला सगळ्यात मागे.
– डेव्हिसवरून, धाकटा मेंबर

---

अरे वा, पोरगं शिकलं. अर्जाचं मला पटलं, आमचा आजच भरेल. पण तरी एक राहतंच. एपी करताना ही पोरं रात्र रात्र जागली, त्याचं काहीच मोल नाही का?
– काका

---

काका, मोल आहे की! क्रेडिट मिळालं, एका वर्षाची फी वाचली, ते काय कमी झालं? वरून रांगेतला नंबर पण कशाला हवा. जागरणं आमच्या घरीपण झाली, फक्त शाळेत तो क्लासच नव्हता.
असो. काल रात्री ११:४० ला लेकीचा फोन, कोणीतरी ड्रॉप केलं, वेटलिस्ट हलली आणि तिला सीट मिळाली, शुक्रवारी सकाळी ८ ची लॅब, जी कोणालाच नको असते. ती खूष आहे, मी अजून चिडलेलीच आहे. धाकट्या, तुझं ते अर्जाचं चार ओळींत इंग्लिशमध्ये लिहून दे, ती स्टुडंट सिनेटमधल्या मैत्रिणीला देते म्हणाली.
आणि काका, माझा चकलीचा निळ्या झाकणाचा डबा तुमच्याकडेच आहे.
– वहिनी