‘बबल कार’ आणि ‘मायक्रोकार’: अर्थ एकच का?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीत निघालेल्या चिमुकल्या मोटारींविषयी मराठीत लिहिताना हे दोन्ही शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरलेले दिसतात. तसे करणे योग्य आहे का? ‘बुडबुडा-गाडी’ हा मराठी शब्द चालेल का?

उत्तर १: माझ्या मते योग्य नाही. ‘मायक्रोकार’ हा शब्द गाडीच्या व इंजिनाच्या लहानपणावरून आला आहे, तर ‘बबल कार’ केवळ गोलाकार, काचेने वेढलेल्या बांधणीचे वर्णन करतो. दिंगोल्फिंग येथील ‘हान्स ग्लास’ या मोटार कंपनीची गोगोमोबिल (1955 ते 1969) मायक्रोकार होती, पण दिसायला ती साध्या मोटारीची लहान आवृत्तीच होती. तिला बबल कार म्हणणे चूक ठरेल. उलट इसेटा दोन्ही नावांना पात्र आहे. पुढच्या बाजूला एकुलते एक दार असलेली ही गाडी मुळात इटलीतील इसो कंपनीची. बीएमडब्ल्यूने परवाना घेऊन 1955 पासून तिच्यात आपल्या मोटारसायकलचे इंजिन बसवले आणि 1962 पर्यंत 1,60,000 हून अधिक गाड्या बनवल्या. सुरुवातीच्या इंजिनाची क्षमता 250 घन सेंटिमीटरच्या आत ठेवण्यामागे व्यवहार होता, कारण तेवढे वाहन तिथल्या जुन्या चौथ्या वर्गाच्या वाहनचालक परवान्यावर चालवता येत असे.

उत्तर २: वरील भेद मान्य आहे, मात्र जर्मन शब्दही पाहावा. मूळची विमाने बनवणारी कंपनी मेसरश्मिट हिच्या ‘केआर 200’ या गाडीच्या नावातील ‘केआर’ म्हणजे ‘काबीनेनरोलर’, अर्थात कक्ष असलेली स्कूटर. अभियंते फ्रिट्झ फेंड यांनी अपंगांसाठी बनवलेल्या तीनचाकीतून ही गाडी विकसित झाली, आणि तिच्यात दोघे एकामागे एक बसत, त्यामुळे या वाहनाची जात मोटारीपेक्षा स्कूटरला जवळची आहे हे त्या शब्दातच सांगितले आहे. (विमानांचे उरलेले काचेचे घुमट तिला बसवले, ही लोकप्रिय कथा खरी नाही.) इसेटाला मात्र लोक ‘क्नूच्कूगल’, म्हणजे चुंबनगोळा, म्हणत, हे नाव कोणत्याही अधिकृत संज्ञेपेक्षा मला अधिक आवडते.

‘बुडबुडा-गाडी’ टाळावी. मराठीत ‘बुडबुडा’ म्हटले की आधी क्षणभंगुरता मनात येते, आकार नंतर. बीएमडब्ल्यूची इसेटा सात वर्षे निघत होती. सामान्य लेखनात ‘मायक्रोकार’ लिहावे आणि गोलाकार गाडीचा उल्लेख असेल तेथेच ‘बबल कार’ वापरावे.