मदत हवी: वुपाटकीच्या आसपास आईबाबांना काय दाखवावं?

तांबडीमाती: मे महिन्यात फीनिक्सहून गाडीने अ‍ॅरिझोनातलं वुपाटकी स्मारक (मूळ अमेरिकन लोकांच्या जुन्या दगडी वस्तीचे अवशेष) बघायला जातोय. फ्लॅगस्टाफला मुक्काम, हातात दोन दिवस. आईबाबा सत्तरीचे, आईचे गुडघे दुखतात. आसपासचं काय धरावं, काय सोडावं?

उन्हाळवाट: वुपाटकी आणि सनसेट क्रेटर हा ज्वालामुखी एकाच ३४ मैलांच्या वळशाच्या रस्त्यावर आहेत. आत पंप नाही, टाकी फ्लॅगस्टाफलाच भरा. बहुतेक जण आधी सनसेट क्रेटरला जातात, मे महिन्यात मात्र उलटं करा. हायवे ८९ने साधारण २६ मैल वर जाऊन उत्तरेच्या फाट्याने आत शिरा. वुपाटकी ४,९०० फुटांवर, सावली नावालाच. सनसेट क्रेटर ७,००० फुटांवर, पाइनच्या झाडीत. ऊन चढायच्या आत वुपाटकी उरकतं.

वुपाटकीतला शंभरेक खोल्यांचा दगडी वाडा आईंना वरच्या कठड्यावरूनही छान दिसतो. खाली उतरलात तर जमिनीतल्या भोकाशी हात धरा: हवेच्या दाबाप्रमाणे ते कधी वारा आत ओढतं, कधी बाहेर फेकतं.

सनसेट क्रेटरवर १९७३पासून चढू देत नाहीत. पायथ्याच्या लाव्हा ट्रेलचा सुरुवातीचा तुकडा पक्का आहे, पुढे ज्वालामुखीची काळी, टोकदार कच. चपला नकोत.

खडककपार: दुसऱ्या दिवशी वॉलनट कॅन्यन, म्हणजे कड्यांतल्या जुन्या घरांची दरी, पण तिथली आयलंड ट्रेल ही पायवाट आईंसाठी अजिबात नको. शेकडो पायऱ्या उतरताना काही वाटत नाही, विरळ हवेत त्याच चढताना दम निघतो. त्यांना कड्यावरचा रिम ट्रेल पुरे.

तिथून पूर्वेला आय-४० या महामार्गावर २३३ नंबरच्या एक्झिटने मेटिऑर क्रेटर, म्हणजे उल्का आदळून झालेलं विवर. ते खासगी आहे, नॅशनल पार्कचा पास चालत नाही. लोणार पाहिलेल्यांनी तर जावंच: लोणार बेसाल्टमधलं, १.८ किमी व्यासाचं, पाण्याने भरलेलं, हे १.२ किमीचं, कोरडं ठणठणीत, म्हणून तळापर्यंतचा आकार उघडा दिसतो. वारा फार असला की काठावरची गाइडेड फेरी रद्द होते.

तांबडीमाती: आभार! वुपाटकीनंतर कॅमेरॉनला जेवायला गेलो तर?

उन्हाळवाट: उलट्या दिशेला पडेल. शिवाय ते नवाहो नेशनमध्ये, म्हणजे नवाहो आदिवासींच्या स्वायत्त प्रदेशात आहे; तिथे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतं, बाकी अ‍ॅरिझोनात नसतं. वुपाटकीतही फोन पलीकडचा टॉवर पकडून मध्येच वेळ बदलू शकतो. फोनमधली आपोआप वेळ बंद करून फीनिक्सची लावा.