मदत हवी आहे: दोघं फुटलेच नसते तर? (तातडीचं)

पाचवा_कप
मंडळी, अडकलोय. दोघं फुटलेच नसते, शेवटपर्यंत एकत्र राहिले असते तर पुढे काय झालं असतं? मला दाढीवाला आणि मेजर दोघंही जिवंत हवेत, निदान नोव्हेंबरपर्यंत. पहिला प्रवेश लिहून झालाय, औषधांच्या पेटीचा. दुसऱ्यात रेतीत रुततात तिथपर्यंत आलो आणि गाडी पुढे हलत नाही. एकत्र ठेवले की नाट्य उरत नाही, वेगळे केले की नुसता इतिहास होतो आणि तो सगळ्यांना पाठ आहे. शनिवारी वाचन आहे. "छान विषय" वगैरे प्रतिसाद कृपया नकोत.

बटाटेवडा
छान विषय!

सुलूची_आई
राजकीय धागे वेगळ्या विभागात काढा ही विनंती. कोण फुटलं, का फुटलं, यावर इथे आधीच बाराशे प्रतिसाद पडलेत.

पाचवा_कप
राजकारण कुठून आलं यात? चाचे आहेत हो! समुद्री चाचे! ब्लॅकबिअर्ड आणि स्टीड बॉनेट. १७१८. वाटलं एवढं तरी कळेल.

खारेदाणे
दाढीवाला आणि मेजर म्हटल्यावर मला तर सोसायटीचे सेक्रेटरी आठवले. माझा मुलगा रात्रंदिवस चाच्यांचं एक जपानी कार्टून बघतो. त्याला विचारलं, तो म्हणतो असे कुणी त्यात नाहीत. हे खरे होते का?

मचवा
खरे होते. धागाकर्त्याने काहीच सांगितलेलं नाही, म्हणून मीच सांगतो, नाहीतर सगळे हवेत पतंग उडवत बसतील.

स्टीड बॉनेट हा बार्बाडोसचा गडगंज जमीनदार. बायको, मुलं, उसाचा मळा, मिलिशियात मेजर. १७१७ मध्ये या गृहस्थाने स्वतःच्या पैशाने दहा तोफांचं गलबत घेतलं, नाव ठेवलं 'रिव्हेंज', आणि चाचेगिरीला निघाला. खलाशांना पगार देत होता! लुटीत वाटा घ्यायचा हा चाच्यांचा रिवाज, हा आपला महिन्याच्या महिन्याला. दर्याचं ज्ञान शून्य. एका स्पॅनिश लढाऊ जहाजाशी भिडून जबर जखमी झाला आणि चाच्यांच्या अड्ड्यावर, बहामातल्या नासाऊला पोचला. तिथे त्या काळचा कुप्रसिद्ध इंग्रज चाचा ब्लॅकबिअर्ड भेटला. 'रिव्हेंज'ची सूत्रं त्याने घेतली आणि मेजरसाहेब सकाळचा झगा घालून, पुस्तकं घेऊन डेकवर फेऱ्या मारू लागले. हे त्या वेळच्या बॉस्टनच्या वर्तमानपत्रात छापून आलंय, माझ्या मनचं नाही.

मे १७१८ मध्ये यांनी अमेरिकेतलं चार्ल्सटन बंदर आठवडाभर अडवून धरलं आणि ओलीस सोडायला मागितलं काय, तर औषधांची पेटी. जूनमध्ये टॉपसेल इनलेटपाशी 'क्वीन ॲन्स रिव्हेंज' हे मोठं जहाज रेतीच्या दांड्यावर चढलं. बॉनेट राजाचा माफीनामा, म्हणजे गुन्हे माफ झाल्याचा कागद, घ्यायला बाथ गावी नॉर्थ कॅरोलायनाच्या गव्हर्नर ईडनकडे गेला. परत येऊन बघतो तर ब्लॅकबिअर्ड लूट घेऊन पसार, 'रिव्हेंज' धुऊन पुसून रिकामं, आणि पंचवीसेक माणसं एका उजाड पुळणीवर सोडून दिलेली. त्यांना बॉनेटनेच उचललं. 'फुटले' ते हे.

आता धागाकर्त्याने सांगावं: कथा आहे, कादंबरी आहे की आणखी काही? 'वाचन' म्हणजे कसलं?

पाचवा_कप
मचवा, थँक्यू, पण हे मला माहीत आहे. एकांकिका आहे. चाळीस मिनिटं. पुढे काय, ते विचारतोय.

निशिगंधा_०७
पात्रं किती?

आजोबा_चिंचवड
भागीदारी ही अशीच असते बाळा. ८४ साली मी आणि माझा एक मित्र, दोघांनी मिळून लेथचं वर्कशॉप टाकलं. मशिनं त्याच्या पैशाची, हात माझे. म्हणजे तुमचा मेजर तो आणि दाढीवाला मी! सहा वर्षं उत्तम चाललं. मग एक दिवस मी गावाहून आलो तर शेडला कुलूप, आणि दोन मशिनं विकलेली. इथे गोष्ट उलटी, पैसेवाल्यानेच हात दाखवला. अजून लग्नकार्यात भेटतो, जेवतो शेजारी बसून, त्या विषयावर कधी बोललो नाही. तुम्ही विचारता एकत्र राहिले असते तर काय? काही नाही. दोघंही थोडे कमी श्रीमंत आणि थोडे जास्त कंटाळलेले असते. तेच लिहा.

बटाटेवडा
आजोबा, तुमच्यावरच एकांकिका व्हायला हवी.

साधासुधा
मुळात गृहीतकच चूक आहे. मैत्री होती कुठे? ब्लॅकबिअर्डने त्याचं गलबत काढून घेतलं, त्यावर आपला माणूस बसवला आणि याला आपल्या जहाजावर जवळजवळ नजरकैदेत ठेवलं. १७२४ साली लंडनला चाच्यांची चरित्रं छापली गेली, त्यात आहे की बॉनेटला आपल्या वागण्याची इतकी लाज वाटू लागली होती की इंग्रज माणसाला तोंड दाखवण्यापेक्षा स्पेन-पोर्तुगालला जाऊन राहावं असं तो म्हणे. हे मैत्रीचं लक्षण आहे का? टीव्हीवरच्या मालिका बघून इतिहास लिहायचा म्हणजे असंच होणार.

पाचवा_कप
मी मालिका पाहिलेली नाही.

मचवा
साधासुधा, नजरकैदेतल्या माणसाला एकट्याला गव्हर्नरकडे कोण पाठवतं? जून महिन्यात बॉनेट बाथला गेला तो ब्लॅकबिअर्डच्या संमतीने. परत आला तो विश्वासाने. फसवणूक व्हायला आधी विश्वास लागतो. आणि नंतर तो सूड घ्यायला ओक्राकोक बेटापर्यंत गेला, सापडला नाही म्हणून परतला. नोकर मालकामागे असा जात नाही. मित्रच जातो.

साधासुधा
किंवा देणेकरी पळाला की सावकार जातो.

खारेदाणे
😂 सावकार एक, मचवा शून्य.

दर्याछंद
आपल्याकडे कान्होजी आंग्रे होतेच की. परदेशातले चाचे कशाला हवेत एकांकिकेला?

सरखेल_भक्त
शब्द मागे घ्या. कान्होजी चाचे नव्हते. ते मराठा आरमाराचे सरखेल, म्हणजे प्रमुख होते. दस्तक (परवाना) न घेता जाणाऱ्या जहाजांवर कारवाई करणं हा त्यांचा हक्क होता. चाचा हे नाव इंग्रजांनी दिलं, कारण त्यांना दस्तक घ्यायचं नव्हतं. विशेष म्हणजे धाग्यातल्याच नोव्हेंबर १७१८ मध्ये मुंबईच्या गव्हर्नर बूनने खांदेरीवर हल्ला केला आणि सपाटून मार खाल्ला. तिकडे इंग्रज ब्लॅकबिअर्डचं मुंडकं जहाजाच्या नाकाला टांगत होते आणि इकडे आमच्यासमोर शेपूट घालून परतत होते. यावर लिहा एकांकिका.

दर्याछंद
अहो, मी अभिमानानेच लिहिलं होतं. चाचे कौतुकाने म्हटलं.

सरखेल_भक्त
कौतुकानेही म्हणायचं नाही.

मचवा
अवांतर होतंय, पण फुटलेल्या जोडीचाच विषय हवा असेल तर मानाजी आणि संभाजी आंग्रे घ्या. कान्होजींचे मुलगे. १७३३ मध्ये थोरला सेखोजी गेला आणि हे भाऊ भांडले, एक कुलाब्याला, एक विजयदुर्गाला. आरमार दुभंगलं. पुढे १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला तेव्हा इंग्रजांच्या बरोबरीने पेशवाही त्याच्यावर चालून गेला होता. 'फुटले नसते तर' हा प्रश्न खरा तिथे दुखतो.

सरखेल_भक्त
सहमत. मात्र हे चाच्यांच्या धाग्यात नको. वेगळा धागा काढा.

पाचवा_कप
हो, कृपा करून वेगळा काढा! मी रालेला राहतो. नॉर्थ कॅरोलायना. ब्लॅकबिअर्ड इथलाच, इथे पोरांना शाळेत शिकवतात, म्हणून वाटलं सांगायची गरज नाही. मंडळाच्या गणपतीला इथली पोरं आणि त्यांचे आजी-आजोबा दोघांनाही कळेल असं काहीतरी हवंय. मागच्या महिन्यात बोफोर्टच्या संग्रहालयात गेलो होतो. १९९६ मध्ये ते रुतलेलं 'क्वीन ॲन्स रिव्हेंज' तिथेच जवळ सापडलं, त्यातल्या वस्तू तिथे आहेत. एका तोफेच्या मागच्या भागात कागदाचे कपटे निघाले, पुस्तकाची पानं, १७१२ च्या एका प्रवासवर्णनाची. बारूद कोंबायला पुस्तक फाडलेलं! मला वाटलं हे बॉनेटचंच पुस्तक. तिथून सगळं सुरू झालं.

निशिगंधा_०७
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतंत. पात्रं किती? तिसऱ्यांदा विचारत नाही.

पाचवा_कप
सॉरी. तीन. दाढीवाला, मेजर आणि एक पोऱ्या. चौथा तलवारबाज होता, त्याने ऑफिसच्या प्रवासाचं कारण देऊन टांग मारली. शिवाय हॉलवाल्यांनी खोट्या तलवारीसुद्धा नको म्हणून सांगितलंय.

साधासुधा
मग ब्लॅकबिअर्ड जिच्यात मेला ती ओक्राकोकची लढाई आपोआपच बाद. सुटलात.

मचवा
बाद कशाला? आकडे बघा, सगळं उत्तर तिथेच आहे. २२ नोव्हेंबरला इंग्रज नौदलाचा लेफ्टनंट मेनार्ड त्याच्यावर चालून आला तेव्हा ब्लॅकबिअर्डकडे माणसं होती जेमतेम वीस. मेनार्डकडे साठेक, दोन स्लूप (छोटी गलबतं), आणि त्यांवर तोफ एकही नव्हती! व्हर्जिनियाचा गव्हर्नर स्पॉट्सवुड याने दुसऱ्याच्या वसाहतीत ही माणसं घुसवली होती. आता बॉनेट दोन महिने आधी, २७ सप्टेंबरला, केप फिअर नदीत चार्ल्सटनहून चाचे पकडायला आलेल्या विल्यम ऱ्हेटच्या हाती लागला तेव्हा त्याच्याजवळ शेहेचाळीस माणसं आणि तोफांचं गलबत होतं. तिथेही कशामुळे हरला? तिन्ही गलबतं रुतली, पाच-सहा तास एकमेकांवर गोळ्या झाडत बसले, आणि भरतीने ऱ्हेटचं गलबत आधी उचललं. अर्ध्या तासाचा खेळ.

दोघं एकत्र ओक्राकोकला असते तर सहासष्ट माणसं, आणि दोघांच्याही तोफा. मेनार्ड संपला असता. माणसं खाली लपवून ब्लॅकबिअर्डला डेकवर बोलावण्याची त्याची युक्ती बॉनेटच्या दुसऱ्या गलबतापुढे चाललीच नसती. मग स्पॉट्सवुडने युद्धनौका पाठवल्या असत्या. 'पर्ल' आणि 'लाईम' तिथेच व्हर्जिनियात उभ्या होत्या.

साधासुधा
त्या तिथे आत शिरल्याच नसत्या, उथळ पाण्यामुळेच तर स्लूप घेतले. आणि तुम्ही आधी म्हणालात मैत्री, आता मोजता तोफा.

मचवा
तुम्ही सावकार म्हणालात म्हणून मोजतोय.

आजोबा_चिंचवड
भांडू नका. त्या पंचवीस माणसांचं काय झालं ते कुणी सांगेल का? पुळणीवर सोडलेल्यांचं.

मचवा
आजोबा, बॉनेटने उचलली आणि आपल्या गलबतावर घेतली. म्हणजे ऱ्हेटने पकडलेल्यांत त्यांच्यातलेही होते. चार्ल्सटनला खटला चालला, बहुतेकांना फाशी झाली. बॉनेटला १० डिसेंबरला. मध्ये एकदा तो कैदेतून पळालाही होता, पुन्हा पकडला.

आजोबा_चिंचवड
म्हणजे मरणातून वाचवलं आणि मरणातच नेलं. अवघड आहे.

निशिगंधा_०७
धागाकर्ते, ही पंचवीस माणसं तुमच्या दुसऱ्या प्रवेशात आहेत का?

पाचवा_कप
नाहीत. फक्त उल्लेख. तीन पात्रांत पंचवीस कुठून आणू?

निशिगंधा_०७
आणू नका, विंगेत ठेवा. तुमचा घोळ इथेच आहे. चार्ल्सटनला यांच्याकडे तीनशेच्या वर माणसं होती. लूट तीनशे वाटे होऊन हाताला काय लागणार? म्हणून ब्लॅकबिअर्डने मोठं जहाज मुद्दाम रुतवलं असं पुष्कळजण मानतात. त्याला मित्राला फसवायचं नव्हतं, वाटेकरी कमी करायचे होते. बॉनेट त्या यादीत नुसता आला.

तुम्ही काय करताय, तर ब्लॅकबिअर्डला चांगला बनवून मैत्री टिकवताय. मग नाट्य मरणारच. त्याला तसाच राहू द्या. फक्त बॉनेट बाथहून एक दिवस लवकर येऊ द्या. लूट उतरवणं चालू आहे, पुळणीवरून माणसांच्या हाका येताहेत, आणि दाढीवाला म्हणतो, "मेजर, तुझा वाटा बाजूला काढलाय. चढ." एवढंच. मैत्री हवी तर त्या हाका ऐकू आल्या नाहीत असं वागायचं. त्याने खिशात माफीनामाही आणलेला आहे, ताजा, शाई वाळायची आहे. खऱ्या इतिहासात बॉनेटला निवड करावीच लागली नाही, कारण दाढीवाला निघून गेला होता. तुमच्यात करावी लागेल.

तो चढतो. दोघं नोव्हेंबरपर्यंत एकत्र. तलवार लागत नाही.

साधासुधा
हे जमलंय. मैत्रीबद्दलचं मत मात्र कायम.

मचवा
पोऱ्याला पुळणीवरच्या एकाचा भाऊ करा!

निशिगंधा_०७
नको. मराठी एकांकिकेत प्रत्येक पोऱ्या कुणाचा तरी भाऊ असतो.

पाचवा_कप
निशिगंधा, थांबा. तो चढतो तेव्हा हातात पुस्तक आहे. नंतर ओक्राकोकला बारूद कोंबायला कागद कमी पडतो. दाढीवाला हात पुढे करतो. मेजर एकेक पान फाडून देतो, काही न बोलता. पण ती पानं तर पहिल्या जहाजावर सापडली, बोफोर्टला… चालेल का? इतिहासाचं काय?

मचवा
नाही चालणार. तोफ जूनमध्ये बुडालेल्या जहाजातली आहे.

निशिगंधा_०७
तुम्ही आधीच बॉनेटला एक दिवस लवकर आणलाय. पान ओक्राकोकला फाडा.

मचवा
संग्रहालयवाले बघायला आले तर?

साधासुधा
मराठी एकांकिका बघायला?

पाचवा_कप
लिहायला बसतोय. इथे रात्रीचे दोन वाजलेत. सर्वांचे आभार, आजोबांचे विशेष. 'थोडे जास्त कंटाळलेले' हे वाक्य मेजरच्या तोंडी घेतोय, परवानगी असावी.

आजोबा_चिंचवड
घ्या. माझ्या मित्रालाही दाखवतो, रेकॉर्डिंग झालं तर लिंक टाका.

सुलूची_आई
मी अजून वरचं सगळं वाचलं नाही. पण 'ब्लॅकबिअर्ड' असं लिहिलं की मुलं बिअर वाचतात. 'काळदाढ्या' करा. आणि मेजरच्या झग्याला माझ्याकडे जुना सॅटिनचा गाऊन आहे, पुण्याहून कुणी रालेला येणार असेल तर देईन.