राजधानीत राहिल्याशिवाय होतच नाही, असं काम नेमकं कोणतं?

पायवाट

अकरा वर्षं राजधानीत धोरण-संशोधनाचं काम केलं. मागच्या वर्षी वडील अंथरुणाला खिळले आणि मला त्यांच्याजवळ, रेल्वेने सहा तासांवर, राहायला जायचं होतं. काम तेच, फक्त घरून. वरिष्ठ म्हणाले, "या क्षेत्रात टिकायचं असेल तर राजधानी सोडून चालत नाही." संस्थेचं नाव लिहीत नाही, हे वाक्य मी इतर चार ठिकाणीही ऐकलंय.

मी वाद घातला नाही. घरी येऊन आदल्या वर्षाची डायरी काढली. मी स्वतः तिथे हजर होते म्हणून काम वेगळं झालं, असे दिवस लाल पेनाने गोल केले. तेवीस निघाले. नऊ समितीपुढच्या सुनावण्या, सहा अधिकाऱ्यांच्या भेटी (या फोनवर झाल्याच नसत्या), सात परिषदा आणि एक निरोप समारंभ. त्या समारंभात पुढच्या वर्षाचं काम मिळालं होतं. बाकीचे दिवस मी एका खोलीत बसून वाचत आणि लिहीत होते. ती खोली कुठेही असती तरी चाललं असतं.

राजनैतिक सेवेचं मला मान्य आहे. १९६१ च्या व्हिएन्ना कराराचं १२ वं कलम सांगतं की यजमान देशाने आधी स्पष्ट संमती दिल्याशिवाय दूतावासाला आपल्या शहराबाहेर कार्यालय थाटता येत नाही. पण तिथेही बांधते ती सरकारची जागा. नेदरलँड्सची राजधानी ॲमस्टरडॅम, तरी दूतावास हेगमध्ये, कारण सरकार हेगमध्ये बसतं. आणि ज्यांचं काम राजधानीशी सगळ्यात घट्ट जोडलेलं, त्या लोकप्रतिनिधींचं काय? ब्राझीलिया १९६० पासून ब्राझीलची राजधानी आहे. तिथले बरेच खासदार मंगळवारी विमानाने येतात आणि गुरुवारी आपापल्या मतदारसंघात परत जातात.

माझं म्हणणं एवढंच, की थोडे अपवाद सोडले तर माणसाला राजधानीत काम अडकवत नाही, बढती अडकवते. तसं असेल तर नोकरीच्या जाहिरातीत तसं लिहा. तुमच्या क्षेत्रात काय अनुभव आहे?

उंबरठा

असहमत. सोळा वर्षं संसदीय वार्तांकन करतोय.

तुमच्या हिशेबात एक मोठी अडचण आहे. ते तेवीस दिवस कोणते, हे तुम्हाला वर्ष संपल्यावर कळलं. १ जानेवारीला कुणी ते गोल करून दिले असते का?

एक संध्याकाळ सांगतो. समितीची बैठक चारला संपायची होती, दार उघडलं सव्वासातला. अध्यक्ष काही न बोलता निघून गेले. सगळ्यात शेवटी एक उपसचिव बाहेर आल्या, फाईल छातीशी धरलेली, डोळे तांबारलेले. त्यांनी लिफ्टचं बटण दाबलं. मी शेजारी उभा होतो. विचारलं, "उद्या मांडणार?" त्या लिफ्टच्या आकड्यांकडे बघत म्हणाल्या, "उद्या नाही." लिफ्ट आली, त्या गेल्या. दुसऱ्या दिवशीच्या कामकाजपत्रिकेत विधेयक छापलेलं होतं. थेट प्रक्षेपण आणि कामकाजपत्रिका बघून बातमी करणाऱ्यांनी 'आज मांडणार' असं दिलं. मी दिलं नाही. अकरा वाजता विधेयक मागे ठेवलं गेलं.

ते दोन शब्द त्यांनी अनोळखी माणसाला सांगितले नसते. चार वर्षं मी त्यांना त्याच लिफ्टपाशी दिसत होतो, आणि त्यातल्या बहुतेक दिवशी आमच्यात फक्त नमस्कार झाला होता. तुमच्या पद्धतीने मोजलं तर ते सगळे दिवस वाया गेलेले निघतील. माझ्या हिशेबी तेच दिवस म्हणजे माझं काम.

शिसपेन्सिल

वकिली करते. आमच्याकडे प्रश्न नियमानेच मिटवलाय. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्ड (तिथे प्रकरण दाखल करू शकणारा वकील) व्हायचं तर न्यायालयापासून १६ किलोमीटरच्या आत दिल्लीत कार्यालय हवं. २०२० पासून व्हिडिओवरही सुनावण्या होऊ लागल्या, पण कार्यालयाची अट व्हिडिओने सुटत नाही.

याची दुसरी बाजू फारशी बोलली जात नाही. प्रकरण दाखल करतो तो ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्ड. त्याच्या जोडीने युक्तिवादाला उभा राहणारा वकील कुठूनही येऊ शकतो. तो एक जण तिथे बांधलेला आहे म्हणून बाकीचे शेकडो मोकळे आहेत. त्यामुळे एखादा व्यवसाय राजधानीला बांधलेला आहे का, असं सरसकट विचारून भागत नाही. त्या व्यवसायातली नेमकी कोणती खुर्ची बांधलेली आहे, ते बघावं लागतं.

आणि राजधानीच का? जर्मनीचं सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालय १९५० पासून आणि घटनात्मक न्यायालय १९५१ पासून कार्ल्सरूहमध्ये आहे. त्यातल्या पहिल्या न्यायालयात दिवाणी प्रकरणं चालवायची परवानगी देशभरात जेमतेम चाळीसेक वकिलांना असते. या लोकांचं बर्लिनवाचून काही अडत नाही. कार्ल्सरूहवाचून मात्र अडतं.

चौथा मजला

सरकारी नोकरी, अठरावं वर्ष. इथे सगळे कामाबद्दल बोलताय, घराबद्दल कुणीच नाही.

अमेरिकेत २०१९ साली सरकारी जमिनींची देखभाल करणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटचं मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनला हलवायचं ठरलं. कारण पटण्यासारखं होतं, या विभागाची जवळपास सगळी जमीन पश्चिमेकडच्या राज्यांत आहे. एकूण ३२८ पदं हलवायची होती. २८७ जण निवृत्त झाले किंवा दुसरीकडे लागले. ४१ जण हलले, आणि त्यातले प्रत्यक्ष ग्रँड जंक्शनला गेले फक्त तीन. २०२१ मध्ये मुख्यालय पुन्हा वॉशिंग्टनला आणायचा निर्णय झाला.

कामाच्या दृष्टीने वॉशिंग्टनची गरज नव्हती असं धरलं तरी माणसं गेली नाहीत. कारण नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी तिथे, मुलीची दहावी तिथे, आणि ही नोकरी गेलीच तर दुसरी मिळेल अशी कार्यालयंही तिथेच. माझी स्वतःची बदली दोनदा आली, दोन्हीदा मी बढतीवर पाणी सोडलं. बायको ज्या कामात आहे त्या कामाची दुसरी जागा त्या गावात नव्हती. पायवाट, तुम्ही म्हणता बढती अडकवते. मला तर बढतीच तिथून बाहेर ओढत होती.

पायवाट

चौथा मजला, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी एकटीच्या नोकरीचा विचार केला. एका घरात दोन नोकऱ्या असल्या की मोठ्या शहराची पकड दुप्पट होते, हे मान्य. फक्त ती पकड कुठल्याही मोठ्या शहराची असते, त्याला राजधानीच असावं लागत नाही.

उंबरठा, तुमची लिफ्ट मी खोटी म्हणणार नाही. पण ज्यांना लिफ्टपाशी उभं राहायचं नाही, त्यांच्यावरही तोच नियम का? आमच्या संस्थेत आकडेवारी तपासणाऱ्या मुलालाही हेच ऐकवलं गेलं. तो दिवसभरात एका माणसाशी बोलत नाही.

कानामात्रा

परिषदांमध्ये दुभाषाचं काम करते. आमच्यात प्रत्येकाला आपला 'व्यावसायिक पत्ता' जाहीर करावा लागतो. आयोजक आधी त्याच शहरातले दुभाषे बघतो, कारण प्रवासखर्च आणि भत्ता वाचतो. माझी भाषा किती चांगली हा प्रश्न नंतर येतो. म्हणजे गाठ आहे, पण ती पैशाची आहे.

२०२० नंतर घरून दुभाषाचं काम सुरू झालं तेव्हा मला वाटलं, आता सुटलो. नाही सुटलो. काचेच्या खोलीत आम्ही दोघं शेजारी बसतो आणि साधारण अर्ध्या तासाने पाळी बदलतो. वक्ता भराभर आकडे बोलायला लागला की माझा जोडीदार पेन्सिलीने ते कागदावर उतरवून माझ्या समोर सरकवतो. मी बोलत असते, डोळा फक्त त्या कागदावर. एकदा वक्त्याने 'अब्ज' म्हटलं आणि मी 'कोटी' म्हणणार होते. त्याने आकड्याखाली दोन रेघा मारल्या. घरी, एकटीच्या खोलीत, त्या दोन रेघा कोण मारणार? शिवाय इंटरनेटवरून आलेला दबलेला आवाज तासन्‌तास ऐकून कान अक्षरशः दुखतात.

पण यात राजधानी कुठेच नाही. जिनिव्हा कुठल्याही देशाची राजधानी नाही, आणि आमच्या धंद्यातलं ते जगातलं एक सगळ्यात मोठं ठिकाण आहे. मला जोडीदाराशेजारी बसायचंय. ती खुर्ची कुठल्या शहरात आहे, याने मला फरक पडत नाही.

चौथा मजला

आणखी एक, कारण अर्धवट तोडगा काय करतो ते बघण्यासारखं आहे. दक्षिण कोरियाने राजधानीच सोलहून हलवायचं ठरवलं होतं. २००४ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ते अडवलं. मग मधला मार्ग म्हणून २०१२ पासून बरीच मंत्रालयं सेजोंग या नव्या शहरात गेली. संसद राहिली सोलमध्येच, सुमारे १२० किलोमीटरवर. आता वरिष्ठ अधिकारी सुनावण्यांसाठी रस्त्यावर आणि नवखे सेजोंगच्या कार्यालयात. कच्चा मसुदा हातात घेऊन ज्याला दाखवायचा तो माणूस जागेवर नाही. माझ्या पहिल्या तीन वर्षांत माझे साहेब शेजारच्या टेबलावर नसते, तर मला साधी टिपणी लिहिता आली नसती.

पहिलीपायरी

मी चोवीस वर्षांची आहे. वरचे सगळे प्रतिसाद वाचले. राग येतोय, तो तुमच्यापैकी कुणा एकावर नाही.

पायवाटताई, तुम्ही राजधानी सोडलीत ती अकरा वर्षांचे फोन नंबर बरोबर घेऊन. उंबरठादादांना लिफ्टपाशी चार वर्षं उभं राहता आलं, कारण त्या चार वर्षांचा पगार कुणीतरी देत होतं. मला सहा महिन्यांची बिनपगारी उमेदवारी (इंटर्नशिप) मिळतेय, राजधानीत. घरभाडं माझं, जेवण माझं. 'अनुभव मिळेल' असं पत्रात लिहिलंय. व्हाइट हाउसमधल्या उमेदवारांनासुद्धा २०२२ च्या शरद ऋतूपर्यंत पगार नव्हता. म्हणजे एवढी वर्षं तिथे कोण शिकू शकलं? ज्यांच्या घरचे भाडं भरू शकत होते ते.

'राजधानीत राहावंच लागतं' हे वाक्य तुमच्यासाठी गैरसोयीचं असेल. माझ्यासाठी ते दार आहे, आणि बंद आहे. मला इतकंच सांगा, बाहेरून सुरुवात करता येते का?

पायवाट

तुमचं म्हणणं लागलं, आणि ते खरं आहे. डायरी पुन्हा काढली. ज्या सहा अधिकाऱ्यांच्या भेटी मी मोजल्या होत्या, त्यातल्या पाच जणांची ओळख माझ्या पहिल्या तीन वर्षांतली. ती तीन वर्षं मी हिशेबात धरलीच नव्हती. त्या काळात तिथे असण्याला किंमत होती, आणि चौथा मजला म्हणतात तसं शेजारच्या टेबलालाही होती. माझं मूळ विधान मी तेवढं मागे घेते.

पण गरज असेल तर खर्च संस्थेने उचलावा. काम तिचं, शहराची अट तिची, आणि भाडं चोवीस वर्षांच्या मुलीने भरायचं, हे मला कुठल्याही बाजूने पटत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: विषयावर अवलंबून आहे. शहर निवडण्याआधी त्या विषयाची मुख्य संस्था कुठे आहे ते शोधा. अमेरिकेत साथरोगांचं काम करायचं तर अटलांटा. सीडीसी, म्हणजे तिथली रोगनियंत्रणाची सरकारी संस्था, १९४६ मध्ये तिथे सुरू झाली, कारण तेव्हा लढाई मलेरियाशी होती आणि मलेरिया दक्षिणेत होता. युरोची मध्यवर्ती बँक फ्रँकफर्टमध्ये, जर्मनीचं सांख्यिकी कार्यालय वीसबाडेनमध्ये. ब्रिटनचं सांख्यिकी कार्यालय लंडनहून वेल्समधल्या न्यूपोर्टला गेलं. अशा ठिकाणी शेजारचं टेबलही मिळतं आणि खोलीचं भाडंही बहुधा झेपतं.

उंबरठा

न्यूपोर्टचं उदाहरण अर्धं सांगितलंत. लंडनमधले बहुतेक कर्मचारी तिकडे गेलेच नाहीत. २०१६ मध्ये अर्थतज्ज्ञ चार्ल्स बीन यांच्या अहवालाने स्पष्ट म्हटलं की त्या स्थलांतरात अनुभवी माणसं गेली आणि आर्थिक आकडेवारीच्या कामाची ताकद त्यामुळे घटली. आकडे तपासणारा माणूस दिवसभर कुणाशी बोलत नसेल, पण आकडा कशासाठी हवाय हे त्याला अर्थखात्यातल्या माणसाकडूनच कळतं. या मुद्द्यावर मी माझ्या जागी ठाम आहे.

पहिलीपायरी, तुमच्या मुद्द्यावर नाही. मला पगार होता. आमच्या कक्षात गेल्या दहा वर्षांत आलेले नवे चेहरे आठवले, आणि त्यातल्या बहुतेकांची घरं आधीपासून याच शहरात होती. हे मी इतक्या वर्षांत एकदाही मोजलं नव्हतं.

शिसपेन्सिल

पहिलीपायरी, पत्राला होकार देण्याआधी त्यांच्याकडून लेखी घ्या: हजेरी कोणत्या कामासाठी, आठवड्यातले किती दिवस. तोंडी सांगितलेलं धरू नका.

पहिलीपायरी

आज सकाळी पत्र पाठवलं. दोन प्रश्न विचारले. सहा महिन्यांतल्या कोणत्या कामांना मी समोर असायलाच हवं? आणि तेवढ्या दिवसांच्या राहण्याची सोय संस्था करेल का? उत्तर आलं की इथेच लिहीन.